टायगर, वय वर्षे तेरा

कोथरूड असो की डोंबिवली, जुन्या सोसायटीत एक टायगर असतोच. कुठे त्याचं नाव मोती असतं, कुठे टफी. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ आला आणि टफींचं तर पीकच आलं. पांढराशुभ्र, झुबकेदार शेपटीचा, वजन सहा-सात किलो. देहापेक्षा केसच जास्त, हे आंघोळीच्या दिवशी कळतं.

मालक ओळख करून देतात, ती ‘प्युअर पॉमेरेनियन’ अशी. खरा पॉमेरेनियन जेमतेम दोन-तीन किलोंचा. आपल्याकडे त्या नावाने नांदतो तो बहुतेक इंडियन स्पिट्झ. पण हे मालकांना सांगायच्या भानगडीत पडू नये. ते थेट व्हिक्टोरिया राणीपर्यंत जातात. राणीला पॉमेरेनियनचं वेड होतं आणि १९०१ साली ती गेली तेव्हा तुरी नावाचा तिचा लाडका जवळ होता, हे खरंच आहे. टायगरला मात्र या खानदानाचं सोयरसुतक नाही. तो मेथी निवडणाऱ्या आजींच्या पायाशी पसरलेला असतो.

टायगर आता तेराचा. कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, या हिशेबाने शेजारचे काका त्याला एक्याण्णवचा ठरवतात आणि येता-जाता नमस्कार करतात. पण लहान चणीची कुत्री सावकाश म्हातारी होतात. डॉक्टरांच्या कोष्टकात त्याची तेरा म्हणजे आपली अडुसष्टच्या आसपास. सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर तो तसा कोवळाच.

तरुणपणी तो पेपरवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांवर भुंकायचा. आता डिलिव्हरीवाला आला तर एक डोळा उघडतो, पार्सल खाण्याचं नाही याची खात्री करतो आणि डोळा मिटतो. भुंकणं सोडलेलं नाही, निवडक केलंय. हल्ली फक्त सोसायटीच्या सेक्रेटरींवर भुंकतो. त्याला सभासदांचा मूक पाठिंबा आहे.

कान गेलेत, असं घरचे म्हणतात. हाका मारा, कुकरच्या शिट्ट्या होऊ द्या, हा ढिम्म. पोळ्यांचा डबा मात्र कितीही चोरून उघडा, स्वयंपाकघराच्या दारात हजर. नाक अजून शाबूत आहे. कोरडी पोळी पुढे टाकली तर तो आधी पोळीकडे बघतो, मग तुमच्याकडे बघतो. तूप येतं. ‘सिट’ म्हणायची वेळ कुणावर येत नाही, कारण तो आधीच बसलेला असतो. बहिरेपणाचा एक फायदा झाला. पूर्वी दिवाळीचे चार दिवस दिवाणाखाली थरथरत काढायचा. आता जिन्यात सुतळी बॉम्ब फुटला तरी घोरण्याची लय मोडत नाही.

फिरायला जाणं म्हणजे गेटपर्यंत जाणं. तिथल्या खांबाची सविस्तर चौकशी होते आणि मग टायगर बसकण मारतो. पट्टा ओढला तर पट्टा डोक्यावरून निघून हातात येतो, टायगर येत नाही. शेवटी कडेवर घ्यावा लागतो. कडेवर बसला की गेटबाहेरच्या भटक्या टोळीवर एकदा गुरगुरतो. उंचीवरून गुरगुरण्यात जोखीम नसते, हे ज्ञान वयाने येतं.

तुमच्याही सोसायटीत असा कुणी असेल तर एवढं पाळा. डोळ्यांत निळसर झाक आलेली असते, ऐकू कमी येतं. मागून हात लावू नका, दचकतो. समोरून या, आधी हात हुंगू द्या. चॉकलेट, मनुका, कांदाभजी प्रेमानेसुद्धा भरवू नका, त्याला बाधतात. आणि दारात आडवा झोपलेला दिसला तर ओलांडून आत जा. उठवायला जाऊ नका. घर कर्जावर मालकांनी घेतलं असलं तरी ताबा त्याचा आहे.