मामाजींची गुजरी

मूल, सिंदेवाही, नागभीड या पट्ट्यातल्या कुठल्याही गुजरीत जा, एक मामाजी भेटतातच. बाकीचे भाजीवाले गिऱ्हाईक ओढतात, हे तपासतात. "वांगे पायजे? भरीत करता का रस्सा?" रस्सा म्हटलं की टोपलीकडे गेलेला आपला हात हळूच बाजूला सारतात. "मंग हे कायले नेता? हे भरताचे होत."

शेती म्हणाल तर थोडी धानाची बांधी, घरामागे वाडी आणि पाण्याला एक बोडी. खत शेणाचं. औषध म्हणजे मडक्यात कुजवलेला कडुनिंबाचा पाला आणि गोमूत्र. फवारणीच्या दिवशी किडीच्या आधी शेजारी पळतात. वांग्यात अळी निघाली की दुसरा विक्रेता ओशाळेल, मामाजी खुलतात. नखाने बारीक भोक दाखवतात, "इथून आत गेली पाहा. जहर असतं तं गेली असती का?" मग वांगं चिरून अळी पळसाच्या पानावर काढतात आणि बाकीचं तराजूत टाकतात. भाव पूर्ण. अळीने खाल्लेल्याचे पैसे वळते करा म्हणणाऱ्या एका साहेबांना त्यांनी सांगितलं, "तिनं खाल्लं ते कवाच गेलं जी. मी उरलेलंच मोजलो."

श्रावणात त्यांच्याकडे टमाटर मागणं म्हणजे आफतच. "तो मदनपल्लीहून ट्रकात बसून येते. मी गावाहून पायी आलो. माह्यासंग जे चालत आलं ते घ्या." चालत आलेलं म्हणजे काटवल, अंबाडी, बांबूचे वास्ते, आणि नशीब असेल तर वारुळावरच्या सात्या, म्हणजे अळंबी. थंडीत लाखोळीची कोवळी भाजी. ही लाखोळी त्यांचा विशेष अभिमान. धान कापायच्या आधीच ओल्या बांधीत बी फेकायचं. ना नांगर, ना पाणी. उरलेल्या ओलीवर भाजी येते, मग डाळ येते, आणि मुळांच्या गाठींतून जमिनीला नत्र मिळतं ते वेगळं. पावभर भाजीसोबत हे व्याख्यान फुकट. पन्नी मात्र फुकटही नाही आणि विकतही नाही. सात्या रुमालात बांधून नेणारे कारकून मी पाहिले आहेत.

तांदळाचा विषय निघाला की मामाजी बसायला पोतं देतात, तिथे घाईची माणसं सटकतात. एचएमटी तुमच्याआमच्या ताटात कुठून आला? नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागड्यांनी १९८३ साली आपल्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, त्यांचं बी जपलं, वाढवलं. जमीन जेमतेम दीड एकर. वाणाला नाव पडलं घड्याळाचं. "माणूस आमचा, नाव घड्याळीचं!" हे वाक्य मामाजी दर हंगामात नव्या संतापाने म्हणतात. २०१८ साली दादाजी गेले; त्यांचा तांदूळ देशभर खपतो आणि तो शोधणाऱ्याच्या हाती फारसं काही लागलं नाही, हे आठवलं की तराजू थोडा वेळ थांबतो. मागे उभ्या बाईंची बस चुकते. मामाजींना तिची फिकीर नाही.

घाई त्यांना एकाच गोष्टीची, सूर्य बुडायच्या आत घर गाठायची. वाटेत वाघ असतो. पण त्याच्याबद्दल तक्रार नाही. "डुकरं राखते तो. बिनपगारी माणूस हाय. ड्युटीची टाइम तेवढी सांगत नाही."

बाजूचे भाजीवाले म्हणतात, मामाजींना धंदा कळत नाही. भाव हंगामभर एकच, गर्दी झाली म्हणून वाढत नाही, माल उरला म्हणून उतरत नाही. पण त्यांची टोपली दहाच्या आत रिकामी होते आणि बाजूच्यांच्या कोबीवर दुपारपर्यंत पाणी शिंपडणं चाललेलं असतं, तेव्हा धंदा कोणाला कळतो ते मला विचारू नका.

जाल तर लवकर जा. थैली घरून न्या. आणि वांग्याचं काय करणार, ते बायकोला विचारून जा.