दार नसलेल्या खोलीचे फायदे

बाईला कथा-कादंबरी लिहायची तर वर्षाला पाचशे पौंड आणि कुलूप लावता येईल अशी स्वतःची खोली हवी, असं व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ साली लिहून ठेवलं. बाई हुशार होत्या. पण त्यांना मूलबाळ नव्हतं आणि डोंबिवलीतल्या वन बीएचकेत राहण्याचा योग काही आला नाही. त्यामुळे दार नसण्याचे फायदे त्यांच्या ध्यानात आले नसावेत.

आमच्याकडे दार असलेली खोली एकच. ती ह्यांच्या मीटिंगांसाठी. दाराला कागद चिकटवलाय : ‘मीटिंग चालू. आवाज नको.’ तो सगळे पाळतात. भांडीवाल्या मावशीसुद्धा ताटं पोटाशी धरून पुसतात. रास्तच आहे, त्या दाराआड पगार तयार होतो. कथा तयार होते जेवणाच्या टेबलावर, आणि टेबल चारही बाजूंनी उघडं असतं. कुणालाही कुठूनही येता येतं. साहित्याला समाजाभिमुख करण्याची याहून स्वस्त योजना मला माहीत नाही.

माझ्या दीर्घकथेतली सुलभाच घ्या. घर सोडून निघालेली ही बाई मार्चमध्ये मी दादरच्या पुलावर आणून उभी केली. मध्य रेल्वेकडून पश्चिमेकडे जायचं की आल्या पावली परतायचं, हे तिला ठरवायचं होतं. ‘तिने बॅग उजव्या हातातून’ इथवर आले आणि चिरंजीव शेजारी येऊन उभे राहिले.

“आई, तू काही करत नाहीयेस ना?”

उद्या शाळेत निळी कार्डशीट हवी होती. रात्रीचे पावणेदहा वाजले होते. कार्डशीट मिळाली, ती पांढरी. निळी मी रंगवली. पुढे त्याची परीक्षा आली, मग सासूबाईंचा मोतीबिंदू, दर दोन तासांनी थेंब. मग पाहुणे, मग टॉन्सिल्स. सुलभा पुलावरच. अडाणी माणूस याला उशीर म्हणेल. खोलीवाल्या लेखिकेने तिला तासाभरात गाडीत बसवून मोकळं केलं असतं. मला मात्र चार महिन्यांत तिचं सगळं कळलं : डाव्या चपलेचा अंगठा तुटत आलाय, रुमालवाला तिला आता ओळखतो, आणि सकाळपासून तिने काही खाल्लेलं नाही. शेवटचं कळायला मला वेळ लागला नाही. मीही खाल्लं नव्हतं.

नातेवाईक धीर देतात. “बहिणाबाईंनी नाही का जात्यावर गाणी रचली?” रचली खरी. पण जात्याला वेळ लागतो, मिक्सरमध्ये चटणी अर्ध्या मिनिटात होते. तेवढ्यात जेमतेम एक विशेषण सुचतं, तेही आवाजात ऐकू येत नाही. शिवाय बहिणाबाईंची गाणी टिपून ठेवायला घरात लेक सोपानदेव होते, म्हणून तर १९५२ साली पुस्तक निघालं. माझे सोपानदेव आठ वर्षांचे आहेत. तेही माझ्या वहीत टिपतात. तिसऱ्या प्रकरणाच्या समासात डायनासोर आहे आणि त्याखाली ‘आज वरण खारट होतं’ अशी नोंद. वास्तववाद म्हणून ठीक आहे.

मालतीबाई बेडेकरांना १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ विभावरी शिरूरकर या टोपणनावाने काढावं लागलं आणि ही बाई कोण म्हणून गदारोळ झाला. केवढी दगदग! आम्हाला टोपणनाव लागत नाही. स्वतःच्या नावाने छापा, घरात कुणी वाचत नाही, गुप्तता आपोआप राहते. हे चारचौघांत माझी ओळखही करून देतात, “ही थोडं लिहिते बरं का.” त्या ‘थोडं’मध्ये दोनशे चाळीस पानं बसतात.

ती पानं मी स्वतःच छापली. प्रकाशकांनी दोन वर्षं थांबायला सांगितलं होतं, आणि थांबायचं काम सुलभा करतच होती. आयएसबीएन सरकार फुकट देतं. अर्ज रात्री साडेअकरानंतर भरावा लागतो, पण तो नियम सरकारचा नाही, आमच्या घरचा. प्रुफं कराटे क्लासच्या पायरीवर बसून तपासली. तेव्हा पान ८७ वर नायिकेच्या डोळ्यांत ‘पाणी’ऐवजी ‘पाटी’ तरळते, त्याकडे वाचकांनी प्रतीक म्हणून पाहावं. वितरकाने निम्मी किंमत मागितली, म्हणून तीनशे प्रतींपैकी दोनशे साठ दिवाणात आहेत. दिवाण पूर्वी करकरायचा, आता हूं की चूं नाही. उरलेल्या चाळीस भिशीच्या मैत्रिणींनी नेल्या, प्रेमाने, म्हणजे फुकट.

पैशाचं म्हणाल तर एका दिवाळी अंकाने मानधनही दिलं. वुल्फबाईंचे पाचशे मला मिळालेत. फक्त पौंडांऐवजी रुपये, आणि दरवर्षीऐवजी एकदा.

का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हा त्यांना शाळेचं वेळापत्रक ठाऊक असणार, अशी मला शंका आहे. दिवाळीची कथा पावसाळ्यात पोचवायची, म्हणजे नेमकी वह्यांना कव्हरं घालायच्या, रेनकोट हरवायच्या आणि डबे परत येण्याच्या दिवसांत. परवा संपादकांचा फोन आला. “ताई, कथा कुठवर आलीय?” म्हटलं, दादरपर्यंत.

त्या रात्री सगळे झोपल्यावर बसले. दार उघडलं, हे बाहेर आले. अमेरिकेची मीटिंग होती.

“अजून जागी? काही करत नसलीस तर जरा चहा टाकतेस?”

आधण ठेवलं. बाहेर पाऊस कोसळत होता. चहा उकळेपर्यंत मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहिलं : ‘सुलभाला छत्री.’ मग आठवलं, बाई मार्चमध्ये निघालीय. बॅगेत छत्री असण्याचं कारणच नाही. रुमालवाल्याकडे मिळते का बघायला हवं.