जिभेचे चोचले

गेवराई तालुक्यात आमच्या दादाने कापूस मोडून तुती लावली, तेव्हापासून घरात माझी किंमत उतरली. शेडमधल्या रेशमाच्या अळ्यांना ताजा पाला, मला सकाळचाच चहा गरम करून. कोष बीडच्या बाजारात जाऊन पैसे आणतात, मी फक्त सल्ले देतो. वहिनींचा हिशेब चोख.

पण पदवीला प्राणिशास्त्र होतं ना माझं! अळी चवीने तुती कशी ओळखते हे मी वस्तीला दाखवणार होतो. तोंडाखाली दोन्ही बाजूंना केसाहून बारीक अशा दोन-दोन खुंट्या. एक गोडाची खबर देते, दुसरी कडूची. जपानी शास्त्रज्ञांनी हा भाग काढून टाकला, तर अळ्या तुती सोडून भलताच पाला खाऊ लागल्या. म्हणजे चोखंदळपणा सगळा तिथेच.

ओळखीच्या मास्तरांचा जुना मायक्रोस्कोप घेऊन निघालो. शेडच्या दारातच वहिनींनी अडवलं. "भावजी, खिशात काय हाय?"

तंबाखूची पुडी होती. तिचा नुसता हात लागला तरी अळ्या मरतात, हे शेडमधल्या पोरासोरांना ठाऊक, पदवीधराला नव्हतं. हात धुऊन, पाय चुन्यात बुडवून आत गेलो आणि सगळ्यांत जाडजूड अळी उचलून काचेवर ठेवली. ती बाई काच ओलांडून थेट भिंगावर चढली. धरून बसवली, तर उजेड खालून आणि अळी जाड. दिसली ती निव्वळ अमावास्या. बोलावलेली मंडळी एकेक डोळा लावून गेली. एक म्हातारबाबा भिडेखातर म्हणाले, "झ्याक हाय."

मग कडुनिंबाचं पान पुढे धरलं. अळीने मान फिरवली.

"एवढं तर आम्हाला बी माहितीय," मागून कुणीतरी.

शेवटी वहिनींनीच बेडमधून काहीतरी चिमटीत आणलं. चौथ्या मोल्टला पडलेली डोक्याची टोपी! कात टाकताना ती वेगळी निघते. पातळ, आरपार उजेड जाणारी. रांग लागली. तीन पेरांची इवलीशी मिशी, तिच्याजवळ सहा डोळ्यांचे मणी, खाली त्या खुंट्या: पुतण्या मोठ्याने सांगत होता. यजमान म्हणून मी शेवटी. वाकलो, समाधानाचा सुस्कारा सोडला, आणि टोपी उडाली.

"आता ह्या अळ्या कोष विणायला चंद्रिकेवर चढणार," वहिनी म्हणाल्या. "कात पुढच्या बॅचला. तवर पाला तोडू लागा."