केसभर तिरळा

डोळा तिरळा निघाला की सुपरहिरोचं काही खरं नसतं. छाती भरदार, दंड पिळदार, पाठीवर लाल झूल. पण एक बुबुळ नाकाकडे सरकलेलं असलं, की जग वाचवायला निघालेला हा वीर लातूरच्या स्टँडवर शेवटची एसटी चुकलेल्या गृहस्थासारखा दिसतो. दोष त्याचा नसतो. कारखान्यात या फिगरचे डोळे बहुधा सिलिकॉनच्या मऊ गादीने ठसा उमटवून काढतात. गादी हलली की डोळा हलला. सुपारीएवढ्या चेहऱ्यावर केसभर म्हणजे फार झालं.

माझा पुतण्या नांदेडहून लातूरला नीटच्या शिकवणीला आला, तो बायोलॉजीच्या पुस्तकांमागे अशी फौज लपवूनच. (नांदेडात शिकवण्या कमी आहेत असं नाही, पण आयुक्तालयापासून शिकवणीपर्यंत, नांदेड की लातूर हा वाद आमच्याकडे मिटत नाही.) साच्याचे दोन भाग जुळतात तिथे दंडावर उभी रेघ राहते, ती घासायला त्याला बारीक पॉलिश पेपर हवा होता. गंजगोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या एकावरच्या दुकानदाराने विचारलं, "एवढुसा? फर्निचर कुठंय?"

वाकलेली तलवार गरम पाण्यात धरायची, मऊ झाली की सरळ करायची आणि लगेच गार पाण्यात बुडवायची. एप्रिलात गच्चीवरच्या टाकीचं पाणी यातलं अर्धं काम फुकट करतं. तेच ऊन खिडकीतल्या वीरांना घोट्यात वाकवतं, हा भाग वेगळा. पाणी मात्र मोरीत ओतायचं नाही. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं हे गाव आहे. तलवारीचं पाणी कुंडीत जातं.

सैल गुडघ्यावर उपाय पारदर्शक नेलपॉलिशचा. सांध्याच्या गोळीला एक हात द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मग पाय बसवायचा. आमच्या ड्रेसिंग टेबलावर नेलपॉलिश आणि ते काढायचं अ‍ॅसिटोन शेजारी शेजारी असतात. पहिल्या बाटलीने गुडघा घट्ट होतो, दुसरीने विरघळतो. लेबल वाचायची सवय पोराला अभ्यासाने लागली नव्हती, ती इथे लागली.

डोळ्यांचं काम मात्र अडलं होतं, ते नांदेडहून आलेल्या आईने हातात घेतलं. दर भाद्रपदात पेटीतून निघणाऱ्या महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांना तीच रंगाचा हात देते. "काळा नको रे लेकरा, तपकिरी दे," म्हणाली. कोपर टेबलावर टेकवलं, करंगळी वीराच्या खांद्यावर रोवली, कुंचला फडक्यावर पुसून जवळजवळ कोरडा केला. श्वास रोखून वरच्या पापणीची रेघ बाहेरच्या बाजूने जराशी जाड केली. बुबुळाला शिवलीसुद्धा नाही आणि नजर सरळ झाली! पुतण्याला आता भुवया हव्या होत्या, ओठ हवे होते, दंडावर सावली हवी होती. आईने बाटलीला झाकण लावलं.

जेवताना मी जी. आय. जोची गोष्ट काढली. 1964 साली हॅस्ब्रो कंपनीने तो बाजारात आणला, तेव्हा त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख चुकून आतल्या बाजूला होतं. चूक कंपनीच्या पथ्यावरच पडली. कुणी नक्कल करताना तेही उचललं की चोरी पकडता येत होती. गालावर तर कंपनीने आपणहून व्रण दिला होता. जुना जो हाती आला की संग्राहक आजही अंगठा उलटून बघतात.

"मग कुणी सरळ नाही केलं?" आईने विचारलं.

"केलं तर किंमत पडेल."

हे तिला फारच पटलं. आमच्या धाकट्या महालक्ष्मीचा डावा डोळा थोरलीपेक्षा बारीक आहे, तो आजेसासूबाईंच्या वेळेपासून, असं तिने सांगितलं. पुतण्या लगेच सरसावला. "नाकाचा टवका उडालाय, तो भर," आई म्हणाली. "ब्रश तुझाच आण. डोळ्याला हात लावलास तर पंगतीला बसू देणार नाही."

सध्या दोघांचं फोनवर जुंपलंय ते मॅट वार्निशवरून. पुतण्याच्या मते चकाकणारा चेहरा फोटोत चांगला येत नाही. आई म्हणते, देवीचा चेहरा तकतकीत दिसणार नसेल तर मी सोळा भाज्या चिरू कशाला?