एक थेंब सांडणार नाही

आप्पा तुमच्याही सोसायटीत असणारच. कुणाचे नाना असतील, कुणाचे तात्या. खूण एकच: बाहेर पैसे मोजून होणारं कुठलंही काम हा गृहस्थ "त्यात काय एवढं!" म्हणत घरी करतो. आमच्या कोथरूडच्या आप्पांचा जीव त्यांच्या मारुती 800 च्या इंजिन ऑइलमध्ये अडकलेला आहे आणि ब्रीद ठरलेलं: "एक थेंब सांडणार नाही."

सांडत नाही, हे खरंच. पण तो थेंब न सांडण्यासाठी निम्मी सोसायटी राबते. गाडी सपाट जागेवर हवी, म्हणून तिथल्या दोघांना रविवारी सकाळी उठवून त्यांच्या गाड्या हलवायला लावायच्या. मग इंजिन पाच मिनिटं चालू ठेवायचं. तेल कोमट झालं की पातळ होतं आणि मळासकट उतरतं. त्या पाच मिनिटांचा धूर पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या देवघरात. नंतर जॅक, जॅकवर भरवसा नको म्हणून घोड्या, मागच्या चाकांना विटा. विटा कुणाच्या तरी कुंड्यांखालून येतात.

मग रद्दी. तेलासाठी म्हणून आप्पांनी 2014 सालची रद्दी राखून ठेवली आहे. तिचे चार थर अंथरून ते गाडीखाली सरकतात आणि तेल निथळेपर्यंत कुशीवर वळून वाचत पडतात. खालून एकदम आवाज येतो, "अहो, धोनी कसोटीतून निवृत्त झाला!" वॉचमन दचकतो. थोड्या वेळानं, "आठशेचं उत्पादन बंद केलं म्हणे!" हे त्या आठशेच्याच पोटाखालून.

पण हात बघावा तर आप्पांचा. चेंबरच्या नटाचे शेवटचे आटे सोडवताना ते नट वर दाबून धरतात आणि झटक्यात बाजूला घेतात. पहिली धार तिरकी, लांब पडते. जोर ओसरला की मागे मागे येते. नवशिका भांडं एका जागी ठेवतो आणि तिथेच फसतो. आप्पा जुन्या कॅनचं पोट कापून केलेलं भांडं धारेबरोबर सरकवत नेतात. फिल्टर सोडताना त्यावर आधी प्लास्टिकची पिशवी चढवतात, म्हणजे आतलं तेल पिशवीतच राहतं. नव्या फिल्टरच्या रबराला नव्या तेलाचं बोट लावून तो हातानंच आवळायचा, नटाला नवा वायसर घालायचा. नरसाळ्यानं तेल ओतायचं तेही आधी थोडं कमीच. मग इंजिन मिनिटभर चालवून बंद करायचं, गाडी खाली घेऊन थोडं थांबायचं आणि पट्टी पुसून दोन खुणांमध्ये तेल बघायचं.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. परवा एका लग्नात वाढप्याच्या हातून मठ्ठा सांडला. यजमान उठायच्या आत आप्पा उठले. "धारेबरोबर वाटी सरकवायची असते, बाळा!" आणि त्यांनी उरलेल्या पंगतीला स्वतः मठ्ठा वाढला. थेंब सांडला नाही. जेवणाला तासभर उशीर झाला.

त्याहून छळतो तो त्यांचा प्रश्न. "मी गाडी सर्व्हिसला देतो," असं कुणी म्हणायचा अवकाश, लगेच विचारतात, "जुनं तेल कुठे जातं?" लोक विषय बदलतात. वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं, 2016 च्या नियमांप्रमाणे ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवं, हे ते लिफ्टमध्ये गाठून सांगतात. भंगारवाला कॅनचे पैसे द्यायला तयार असतो, पण त्यालाही तोच प्रश्न, आणि उत्तर न आल्यामुळे कॅन पुन्हा बाल्कनीत. "आमच्याकडे खायच्या तेलापेक्षा हेच जास्त," असं आप्पांची बायको म्हणते. शेवटी आप्पा कागदपत्रं बघून पटलेल्या एका वर्कशॉपपर्यंत कॅन स्वतः पोचवून येतात.

माणूस वैताग आहे, यात वाद नाही. पण आपल्या गाडीनं काळं केलेलं तेल कुठे गेलं, हे अख्ख्या सोसायटीत त्यांना एकट्यालाच सांगता येतं. बाकी आम्हा सगळ्यांच्या मते, फाटकाबाहेर गेलं की ते स्वच्छ झालं.

गेल्या महिन्यात नोटीस लागली: "आवारात वाहनदुरुस्ती करण्यास सक्त मनाई. अस्वच्छता होते." नोटिशीच्या खांबाशेजारीच सेक्रेटरींची गाडी उभी असते. नुकतीच सर्व्हिस होऊन आलेली, धुऊनपुसून लखलखीत, आणि चेंबरच्या नटातून ठिबकणारी. खाली ताटाएवढा काळा डाग पडला आहे. त्याला सगळे वळसा घालून जातात. नोटिशीत मनाई दुरुस्तीला आहे, गळण्याला नाही.

एका रात्री आप्पा त्या गाडीखाली रद्दीची घडी सरकवताना दिसले. मी म्हटलं, "आप्पा, सरळ सांगा ना त्यांना, वायसर बदलून घ्या म्हणून."

"सांगितलं की. म्हणाले, गळणं शक्यच नाही. बिल दाखवलं मला."