माऊसचं वाइंडिंग

शिंदखेडा तालुक्यात मिरची म्हटली की दोंडाईचा आणि कला म्हटली की मी, असं माझं मत आहे. त्यावर अजून कोणी लेखी हरकत घेतलेली नाही. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे: लग्नपत्रिका, फ्लेक्स, वाढदिवसाच्या शुभेच्छा, दहाव्याची श्रद्धांजली. दिवसा भावी सरपंचांना उजळ करायचं आणि रात्री शटर अर्धं खाली ओढून खऱ्या कलेला बसायचं. खरी कला म्हणजे बुराई नदीला बारमाही पाणी दाखवणारी निसर्गचित्रं. ब्रश नाही, कागद नाही, सगळं माऊसने.

हसू नका. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या कोंचा गार्सिया झाएरा या आजींनी साध्या पेंट प्रोग्रॅममध्ये, माऊसने चित्रं काढून जगभर नाव कमावलं. अमेरिकेतल्या हॅल लास्को या म्हाताऱ्या चित्रकाराची नजर अधू झाली, तेव्हा तेही पेंटमध्येच एकेक ठिपका मोठा करून रंगवत बसले. आणि परदेश कशाला, आपल्या चाळीसगावचे केकी मूस घ्या. स्टेशनजवळच्या बंगल्यात त्यांनी स्वतःला जवळजवळ पन्नास वर्षं कोंडून घेतलं आणि टेबलावर किरकोळ वस्तू मांडून त्यातून छायाचित्रांची दुनिया उभी केली. त्या मानाने मी शटर अर्धंच ओढतो, म्हणून कीर्तीही त्या प्रमाणात.

माझा माऊस वायरचा, वजनदार, पाठीला मोठा उंचवटा असलेला. पुण्याच्या भाच्याने एकदा पेन टॅब्लेट आणून दिला होता. पण पेन टॅब्लेटवर प्रत्येक जागेला पडद्यावरची जागा नेमलेली. कोपऱ्यात पेन टेकवलं की बाण कोपऱ्यातच. माऊस कसा, टेबल संपलं की उचलायचा, मागे ठेवायचा आणि पुढे चालायचं. त्या सवयीने मी पेनही उचलून मागे ठेवायचो, आणि डोंगराची रेघ दर वेळी मागे जाऊन पहिल्यापासून सुरू व्हायची. भाचा म्हणाला, "मामा, राहू द्या."

तर अशा या माऊसला ऐन लग्नसराईत, अखाजीच्या तोंडावर, डबल क्लिकचा आजार जडला. एकदा दाबलं की दोनदा लागायचं. इतरांच्या धंद्यात याने फार बिघडत नाही, पण कोरलड्रॉमध्ये डबल क्लिकला भलतेच अधिकार दिलेले आहेत. वस्तूवर एकदा क्लिक केलं की ती निवडली जाते, पुन्हा केलं की कोपऱ्यांवर वळणाचे बाण येतात आणि ती फिरायला तयार होते. भावी नगरसेवकांना जरा डावीकडे सरकवायला जावं, तर ते जागच्या जागी कलायला लागायचे. शेप टूलने रेषेच्या बिंदूवर डबल क्लिक झालं की तो बिंदूच जातो. पत्रिकेवरच्या मोराची मान अशी एकेक बिंदू गमावत बदकाची झाली. पिक टूलवर डबल क्लिक म्हणजे तर पानावरचं सगळंच निवडणं. नको असलेली फुलांची वेल निवडून झाली होती. हाताच्या सवयीने पिक टूलवर टिचकी मारली आणि डिलीट दाबलं. वधू, वर, दोन्हीकडचे आप्पा, नाना, जिभाऊ आणि 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली एका झटक्यात गडप. कंट्रोल झेडने सगळे परत आले. नाहीतर मांडव माझ्यावरच पडला असता.

माय म्हणाली, "साडेतीनशेमा नवा ई जास." सौभाग्यवतीही तेच म्हणाली, फक्त प्रमाण मराठीत आणि जरा मोठ्याने. पण हत्यार बदललं की हात बदलतो, असं बाणेदार उत्तर देऊन मी व्हिडिओ पाहायला बसलो.

व्हिडिओतून कळलेलं शास्त्र असं. बटणाखाली बोटाच्या पेराहून लहान स्विच असतो. त्यात तांब्याच्या मिश्रधातूची कागदासारखी पातळ पट्टी, आणि तिची मधली जीभ वाकवून ताणलेली. दाबलं की पट्टी टपकन खाली टेकते. 'टिक' आवाज येतो तो त्या उडीचा. टेकताना ती जराशी उसळते, म्हणून माऊसमधली चिप काही मिलिसेकंद थांबून मगच एक क्लिक मोजते. पट्टी थकली, टोकावर काजळी धरली की उसळणं लांबतं आणि चिप एकाचे दोन धरते. साध्या स्विचचं आयुष्य ५० लाख किंवा १ कोटी क्लिक असं छापलेलं असतं. आमच्या तालुक्यातल्या भावी नेत्यांची संख्या पाहता माझा स्विच वेळेआधी निवृत्त झाला असं म्हणता येणार नाही.

आधी बाहेरून उपचार केले. घामाने आणि आमच्याकडच्या उन्हाळ्याने माऊसच्या कडेचं रबर चिकट झालं होतं. ते कोरोनातल्या उरलेल्या सॅनिटायझरने पुसलं. व्हिडिओत शुद्ध अल्कोहोल सांगितलं होतं. सॅनिटायझरमध्ये हात मऊ राहावेत म्हणून ग्लिसरीन घातलेलं असतं. माऊस इतका मऊ राहिला की पाच मिनिटं हात सोडेना. मग कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन डावं बटण उजवं आणि उजवं डावं करून पाहिलं. डावखुऱ्यांची सोय आहे ती. त्यानंतर प्रत्येक मोरावर क्लिक करताना कट, कॉपी, पेस्टची यादी उघडायची, आणि ती सोय पुन्हा मूळपदावर आणायला चिरंजीवांना शाळेतून येऊ द्यावं लागलं.

शेवटी उघडायचं ठरलं. १९६४ साली डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी पहिला माऊस बनवला, तेव्हा तो लाकडी ठोकळा होता. खाली दोन चाकं, वर एक बटण. तसाच राहिला असता तर आमच्या गल्लीतल्या सुताराने रंधा मारून दिला असता. पुढे माणसाला स्क्रू लपवायची बुद्धी झाली. माऊसच्या तळाला टेफ्लॉनच्या गुळगुळीत पट्ट्या असतात, स्क्रू त्यांच्या खाली. हे व्हिडिओत पुढे सांगितलेलं होतं. मी तो थांबवून आधीच उलथन्याचं टोक फटीत घातलं होतं. "अहो, ते नॉनस्टिकचं आहे!" असा आवाज आला, पाठोपाठ दुसरा आला तो प्लॅस्टिकची खिट्टी तुटल्याचा.

स्विचचं झाकण ब्लेडने उचललं, आणि आतली पांढरी टिकली, जी आपण खरं तर दाबत असतो, ती उडाली. कुठे? शेजारी माय तांदूळ निवडत बसली होती, थेट तिच्या सुपात. मी बॅटरी आणली, भिंग आणलं. मायने दोन्ही बाजूला ठेवलं, सूप एकदा हलवलं आणि खडे वेचावेत तशी एकेक वस्तू माझ्या पुढ्यात टाकू लागली. "हाई का? हाई का?" दोन खडे आले, एक धानाचं टरफल आलं, आणि मग टिकली आली. "इतलंसं का?" म्हणाली आणि पुन्हा निवडायला लागली. ज्या वस्तूसाठी मी घर डोक्यावर घेतलं होतं, ती तिच्या दृष्टीने कचऱ्यातच जमा होती.

टिकली मिळाली, पण पट्टी बसेना. तिची दोन टोकं दोन आकड्यांत अडकवायची आणि मधली जीभ खाचेत. एक बसवावं तर दुसरं सुटतं. शिवाय व्हिडिओतला खरा उपाय वेगळाच होता. उजव्या बटणाचा स्विच तोच असतो आणि कमी वापरलेला असतो. तो सोडवून डावीकडे लावायचा. त्याला सोल्डरिंग आलं. रेडिओवाल्यांची दुकानं केव्हाच मोबाईल कव्हरची झाली आहेत. गावात कावीया आहे तो मोटर रिवाइंडिंगवाल्या नानांकडे.

नानांच्या दुकानात विहिरीतून काढलेल्या सबमर्सिबल मोटरी चिखलासकट आडव्या पडलेल्या असतात. त्यांच्यामध्ये मी माझा माऊस ठेवला. नानांनी चष्मा वर केला, खाली केला.

"येनं वाइंडिंग कोठे से?"

वाइंडिंग नसतं म्हटल्यावर त्यांचा अर्धा आदर गेला. किती व्होल्टवर चालतो, हा पुढचा प्रश्न. पाच व्होल्ट म्हटल्यावर उरलेला गेला. "पाचमा काय व्हस भो?" असं म्हणून त्यांनी समोर बसलेल्या, मोटर जळालेल्या कापूसवाल्या शेतकऱ्याकडे पाहिलं. शेतकऱ्याने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. ज्याची विहीर बंद पडली आहे त्याने आपली कीव करावी, हा अनुभव कलावंताला फार काही शिकवत नाही, पण लक्षात राहतो.

मात्र त्या जाड कावीयाच्या टोकाला नानांनी तांब्याची तार गुंडाळून बारीक टोक केलं आणि दोन्ही स्विच असे अलगद सोडवले की मी श्वास घ्यायचा विसरलो. उजवा डावीकडे गेला. मग पुडीतून माझी ती न बसणारी पट्टी त्यांनी काढली, आयुष्यभर केसाएवढी तार वळवलेल्या बोटांनी एका दमात बसवली, टिकली ठेवली, झाकण दाबलं, आणि तो स्विच उजवीकडे टाकला. उजवं बटण आता दोनदा लागतं. लागू दे; यादी एकदा उघडली काय नि दोनदा काय.

नाना पैसे घेईनात. "एक बोर्ड करी दे," म्हणाले. मी हौसेने बसलो. डाव्या बटणाची टिक एकच येत होती, डबल क्लिकसाठी आता खरोखर दोनदा दाबावं लागत होतं. रेषा तुटत नव्हती, बिंदू पळत नव्हते, कोणी कलत नव्हतं. 'येथे सबमर्सिबल मोटर, कूलर, पंखे व माऊस दुरुस्त करून मिळतील.' बाजूला माझ्या माऊसचं मोठं चित्र काढलं. निळ्या फ्लेक्सवर काळा रंग उठत नाही म्हणून जांभळी छटा दिली, उंचवट्यावर चकाकी दिली आणि वरून हिरवट वायर झोकदार वळवली.

बोर्ड लागला त्याच आठवड्यात नानांचा निरोप आला. दोन जण भरीत काय किलो म्हणून विचारून गेले होते. "चित्र चांगलं से," नाना म्हणाले, "फक्त त्येनं देठ काढी टाक."

मी वायर काढली. आता लोक तिथे बटाटे विचारतात.