कोण आहे बे आत?

नागपूरच्या महालात माणूस घरून निघून बडकस चौकात पोचायच्या आत तो कुठे निघाला, कशाला निघाला आणि घरी वाजवून निघाला की कसं, ही बातमी तिथे पोचलेली असते. एक ओटा झोपला तर दुसरा जागा असतो. अशा वस्तीत जन्मलेल्या पोराला पुढे सर्व्हर सांभाळायची नोकरी लागावी, यात नशिबाचा भाग कमी आणि रक्ताचा जास्त.

आमच्या वाड्यातला कोतवाल हा त्यातलाच. शाळेच्या दाखल्यावर नाव दुसरं आहे, पण ते कोणाला आठवत नाही. खरं कोतवाली ठाणं महालातच आहे, तरी कोतवाल म्हटलं की लोक याच्याच माडीकडे बोट दाखवतात. सर्व्हरवाल्यांची ही जात हल्ली गल्लोगल्ली सापडते. कोणी परसोडीच्या आयटी पार्कात जातो, कोणी मिहानला. कोणी २०२० च्या लॉकडाउनमध्ये पुण्याहून लॅपटॉपसकट घरी आला तो परत गेलाच नाही. हा तिसऱ्या प्रकारचा. माडीवर टेबल, पाठीशी कूलर, समोर काळा पडदा. उजवीकडे रस्त्यावरची खिडकी आहे, पण ती त्याने आजीला देऊन टाकली आहे. कामाची वाटणी झालेली बरी.

हा दात घासायच्या आधी ‘हू’ मारतो. तीन अक्षरं आणि एंटर, की यादी हजर: कोण आत आहे, कोणत्या टर्मिनलवर बसलाय, किती वाजता आला, कुठल्या पत्त्यावरून आला. ही कमांड त्याच्याहून वयाने मोठी. ३ नोव्हेंबर १९७१ ची तारीख असलेल्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्ये ती आहे. एकच मशीन आणि त्याला लटकलेली दहा माणसं असा तो काळ, तेव्हा आत कोण बसलंय हे कळण्याची गरजच होती. त्याच वर्षी तिकडे स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत लेस अर्नेस्ट यांनी पाहिलं, की लोक असली यादी काढून तिच्यावरून बोट फिरवत माणसं शोधतात. म्हणून त्यांनी ‘फिंगर’ लिहिला. खरं नाव काय, बटणाला शेवटचा हात कधी लावला, सध्या काय चाललंय, सगळं तो सांगायचा. पुढे १९८८ मध्ये एक किडा या फिंगरच्याही दारातून इंटरनेटभर पसरला आणि शहाण्या लोकांनी ते दार लावून घेतलं. कोतवाल हे सांगताना हळहळतो. महालात आजवर असं एकही दार लागलेलं नाही.

‘हू’ने भागलं नाही की ‘डब्ल्यू’. हिला एकच अक्षर, पण चुगल्या दुप्पट. कोण काय चालवून राहिलंय ते तर दिसतंच, वर एक आयडलचा रकाना: बटण दाबून किती वेळ झाला. कोतवालाचं खरं प्रेम या रकान्यावर.

“तेवीस मिनिटं झाली, बटणाला हात नाही. काय करून राहिला बे?”

“भाऊ, विचार करून राहिलो.”

“कोणत्या टर्मिनलवर करून राहिला? इथं तर दिसत नाही.”

त्यावर एका पोट्ट्याने तोड काढली. उजव्या हाताने तर्री-पोहे आणि डाव्या हाताच्या करंगळीने दर मिनिटाला स्पेसबार. कोतवालाच्या लेखी तो महिनाभर कंपनीतला सर्वात कष्टाळू माणूस होता.

याच कमांडच्या पहिल्या ओळीत लोडचे तीन आकडे येतात: गेल्या एका, पाच आणि पंधरा मिनिटांची सरासरी. आता हा माणूस केळीबाग रोडबद्दलही तसंच बोलतो. “पंधराचा आकडा कमी आहे, पण एकचा चढून राहिला. गांधी गेटकडून जा.” आणि गंमत म्हणजे तो बरोबर असतो.

पण त्याची झोप उडवते ती ‘लास्टबी’. हिच्यात चुकीचा पासवर्ड टाकून परत गेलेल्यांची नोंद असते. इंटरनेटवर उघड्या असलेल्या कुठल्याही सर्व्हरचं दार रात्रभर ठोठावलं जातं. रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट, ओरॅकल, जे नाव सुचेल ते घेऊन. ठोठावणारी यंत्रं असतात, त्यांचा कोणावर राग नसतो, हे कोतवालाला पक्कं ठाऊक आहे. तरी तो ते अंगाला लावून घेतो.

“आजी, रात्री अडीच वाजता टेस्ट नावाचा कोणी येऊन गेला. चारशे वेळा दार वाजवलं.”

“मग उघडायचं ना बाप्पा. काही काम असेल बिचाऱ्याचं.”

त्याचा दावा असा, की हे डोकावणं वृत्ती नव्हे, परंपरा आहे. आधाराला तो थेट ‘ऐन-ए-अकबरी’ काढतो. अबुल फझलने कोतवालाची जी कर्तव्यं लिहिली, त्यात घरांची नोंद ठेवणं आलं, मोहल्ल्यात कोण आलं आणि कोण गेलं याची रोजची खबर घेणं आलं, आणि कोणी ओळखणार नाही असा हेर पेरणंही आलं. “बघा,” कोतवाल म्हणतो, “लॉग ठेवा, रोज वाचा आणि गुपचूप वाचा. आमच्या पॉलिसीत दुसरं काय आहे?” आता मुघलांचा दाखला भोसल्यांच्या महालात कितपत चालतो हा प्रश्न आहे, पण तो विचारायला अजून कोणी धजलेलं नाही.

एक खेळ तो नवीन आलेल्या प्रत्येकाला दाखवतो. साध्या खात्यातून आत यायचं, मग ‘एसयू’ मारून रूट व्हायचं, म्हणजे यंत्राचे सर्वाधिकारी. आता ‘हूअ‍ॅमआय’ एकत्र लिहून विचारलं तर उत्तर येतं, रूट. तेच ‘हू अ‍ॅम आय’ असं तोडून विचारलं की दारातून आत येताना सांगितलेलं जुनंच नाव पुढे येतं. मला यात नवल वाटलं नाही. महापालिकेतले माननीय सदस्य गल्लीत शिरले की ओट्यावरून हाक येते, “काय रे गोट्या, आई बरी आहे?” शिवाय ‘हू’पुढे कोणतेही दोन शब्द लिहिले तरी चालतं. खुद्द मॅन्युअलमध्ये नमुन्याला ‘मॉम लाइक्स’ हे शब्द दिलेत, म्हणजे ‘आईचा लाडका कोण’. उत्तरात विचारणाऱ्याचंच नाव येतं. कोतवालाने ती ओळ छापून टेबलासमोर चिकटवली आहे. त्याच्या धाकट्या भावाला इंग्रजी चांगलं येत असल्यामुळे ती दोनदा फाडली गेली.

एवढं सगळं दिसणाऱ्याला एकदा काहीच दिसलं नाही. रात्री ‘हू’ मारलं, यादी रिकामी. आत कोणी नाही म्हणून त्याने सर्व्हर रीस्टार्ट केला. हिशेबवाल्याने वर्षअखेरचं काम मागे चालायला सोडलं होतं आणि लॉगआउट करून तो जेवायला गेला होता. काम चालू, माणूस यादीत नाही. नुसत्या फायली नेणारे-आणणारेही या यादीत येत नाहीत, कारण ते टर्मिनल मागतच नाहीत. रात्री अकराला जो फोन आला तो सगळ्या वाड्याने ऐकला. स्पीकर चालू नव्हता. सकाळी आजीने निदान केलं: “तू समोरचंच दार पाहून राहिला. सगळे मागच्या बोळीतून येतात.”

तेव्हापासून सर्व्हर बंद करण्याआधी तो ‘वॉल’ मारून सगळ्यांच्या पडद्यावर निरोप टाकतो, आणि तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या मिरवणुकीत पासवर्ड वाटणाऱ्याचा बडग्या, म्हणजे पुतळा, काढायचं दरवर्षी ठरवतो.

सध्या त्याला घोर आहे तो २०३८ चा. आत आल्याची वेळ ज्या जुन्या फायलीत लिहिली जाते, तिथे सेकंद मोजायला ३२ बिटांचीच जागा. १९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी ती भरेल आणि घड्याळ उडी मारून डिसेंबर १९०१ मध्ये जाईल. लिनक्सवाले नवीन नोंदवही आणून राहिले, पण जुनी मशीनं राहणारच. हे तो ओट्यावर समजावत होता तेव्हा वाड्याचे मालक कान देऊन ऐकत होते.

“म्हणजे यादीत दिसेल, की हा १९०१ पासून आत बसलाय?”

“हो काका. पण टेन्शन नाही. एक कमांड मारली की बाहेर.”

मालक ताडकन उठून बसले. आमच्या खालच्या दोन खोल्यांकडे त्यांनी एकदा पाहिलं.

“ती कमांड,” ते म्हणाले, “कोर्टात चालते का रे?”